लायसन्स मिळाले म्हणजे शिकणे संपले असे नाही
ट्रक-बस चालकांचे फेरप्रशिक्षण : चालक, गाडीमालक आणि व्यापारी यांनी समजून घेण्याच्या गोष्टी

वाहतुकीच्या धंद्यावर आपल्या समाजातील किती चुली पेटतात हे सांगण्यासाठी आकडेवारीची गरज नाही. मालेगाव, भिवंडी, मिरज, नागपूर, कुठल्याही गावच्या ट्रक टर्मिनलवर एक चक्कर मारली तरी पुरे. कोणी चालक आहे, कोणी एका गाडीचा चालक-मालक, कोणी बॉडी बांधणारा, कोणी पाटे बसवणारा मिस्त्री, तर कोणी बिल्टी फाडणारा ट्रान्सपोर्टवाला. ज्यांची स्वतःची गाडी नाही असे कापडवाले, भंगारवाले, लाकूडवाले, चामड्याचे व्यापारी आणि यंत्रमागधारक यांचा मालही शेवटी याच गाड्यांतून जातो. म्हणून चालकाच्या शिक्षणाचा प्रश्न एकट्या चालकाचा नाही. तो आपल्या सर्वांच्या रोजीरोटीचा आणि रस्त्यावरच्या लोकांच्या जिवाचा प्रश्न आहे.

आपल्याकडे चालक तयार होतो तो उस्तादच्या हाताखाली. शाळा सुटलेला मुलगा क्लीनर म्हणून गाडीवर चढतो, काचा पुसतो, टायर ठोकून पाहतो, मागे घेताना आवाज देतो. कधीतरी रिकाम्या रस्त्यावर उस्ताद त्याच्या हाती स्टिअरिंग देतो. काही वर्षांनी लायसन्स निघते आणि शागिर्दाचा उस्ताद होतो. या पद्धतीला आम्ही नावे ठेवणार नाही. इंजिनच्या आवाजावरून बिघाड ओळखणारे, दोरी-ताडपत्री अशी बांधणारे की कोकणच्या पावसात पोते भिजू नये, असे चालक याच शाळेतून निघाले. परंतु या शाळेत दोन उणिवा आहेत. पहिली अशी की उस्तादच्या हुनराबरोबर उस्तादच्या चुकाही शागिर्दाकडे येतात. दुसरी अशी की लायसन्स हाती पडल्यानंतर पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत त्याच्या शेजारी बसून कोणी त्याला काही शिकवत नाही. प्रस्तुत लेखात आम्ही या दुसऱ्या उणिवेचा विचार करणार आहोत.

केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. सगळे अपघात ट्रक-बसचे नसतात आणि सगळे चालकाच्या चुकीने होतात असेही नाही. रस्ता खराब असतो, समोरचा चुकतो, गाडी जुनी असते. परंतु भरलेला ट्रक किंवा पन्नास उतारूंची बस ज्याच्या हाती आहे त्याची चूक किती महाग पडते हे वेगळे सांगायला नको. १ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ एक खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवाशांचा अंत झाला. त्या रात्रीनंतर प्रवासी बस आणि रात्रीची ड्युटी यांची चर्चा घरोघरी झाली. पुढे ती नेहमीप्रमाणे थांबली.

कायदा काय मागतो?

मोटार वाहन कायदा १९८८ चा. तो १ जुलै १९८९ पासून लागू झाला आणि २०१९ मध्ये त्यात मोठ्या दुरुस्त्या झाल्या. ट्रान्सपोर्ट लायसन्ससाठी वयाची २० वर्षे पूर्ण असावी लागतात आणि त्याआधी किमान १ वर्ष हलक्या वाहनाचे लायसन्स असावे लागते. पूर्वी ट्रान्सपोर्ट लायसन्सची मुदत ३ वर्षे होती, ती २०१९ च्या दुरुस्तीने ५ वर्षे झाली.

येथे दोन गोष्टी आमच्या वाचकांनी टिपून ठेवाव्यात. लायसन्सवर ट्रान्सपोर्ट आणि नॉन-ट्रान्सपोर्ट अशा दोन वेगळ्या तारखा असतात. पुष्कळ चालक लांबची तारीख पाहून निश्चिंत राहतात आणि ट्रान्सपोर्टची मुदत कधीच टळून गेलेली असते. दुसरे म्हणजे मुदत संपल्यावर पूर्वी ३० दिवसांची सवलत मिळत असे. ती २०१९ मध्ये काढून टाकण्यात आली. आता मुदत संपली की त्याच क्षणी लायसन्स निकामी होते. नूतनीकरणाचा अर्ज मुदतीच्या १ वर्ष आधीपासून करता येतो. मुदत संपून १ वर्षाहून अधिक काळ गेला तर पुन्हा चाचणी द्यावी लागते.

मात्र या नूतनीकरणात वैद्यकीय दाखला लागतो, फी लागते, फोटो लागतो. काही नवे शिकल्याचा पुरावा साधारण चालकाकडे कोणी मागत नाही. अपवाद दोन. एक, धोकादायक माल वाहणारा चालक, त्याच्याविषयी पुढे लिहितो. दोन, ज्याचे लायसन्स गुन्ह्यामुळे अपात्र ठरले तो. अपात्रतेचा काळ संपल्यावर उजळणी प्रशिक्षण यशस्वीपणे पूर्ण केले तरच लायसन्स परत देण्याची तरतूद २०१९ च्या दुरुस्तीत आहे. थोडक्यात, आपला कायदा शिकायला लावतो तो चूक घडून गेल्यानंतर.

शिक्षणाच्या अटीचाही उल्लेख येथे केला पाहिजे. ट्रान्सपोर्ट लायसन्ससाठी आठवी पास असण्याची अट होती. हरियाणातील मेवात भागात, जिथे मुस्लिम वस्ती मोठी आणि गरिबी फार आहे, पुष्कळ कुटुंबांचा आधार ड्रायव्हिंग हाच आहे. त्यांच्यासाठी ही अट शिथिल करावी अशी मागणी हरियाणा सरकारने केंद्राकडे केली आणि २०१९ मध्ये ती अट देशभर रद्द झाली. आपल्यातील अनेक तरुणांना याचा फायदा झाला, हे चांगलेच झाले. परंतु अट काढताना केंद्राने असेही म्हटले होते की शिक्षणाऐवजी प्रशिक्षण आणि चाचणी यांवर भर दिला जाईल. ज्याची शाळा अर्ध्यावर सुटली त्याला प्रशिक्षणाची गरज कमी नसते, अधिक असते. आणि ते पुस्तकातून नव्हे, तोंडी, त्याच्या भाषेत आणि गाडीजवळ उभे राहून मिळाले पाहिजे.

टेम्पोवाल्यांची गोष्ट निराळी आहे. भारासह एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असलेली मालवाहू गाडी हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते, ट्रान्सपोर्टची वेगळी नोंद लागत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिला होता. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी ५ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो कायम केला. विम्याच्या दाव्यांत अडकलेल्या अनेक कुटुंबांना त्यामुळे दिलासा मिळाला. पण याचा दुसरा अर्थ असा की मोटारकार शिकलेला तरुण उद्या भरलेला टेम्पो घेऊन कसारा घाट उतरू शकतो आणि कायदा त्याला अडवत नाही. अशा वेळी शिकवण्याची जबाबदारी आपोआप मालकावर येते.

गाडी बदलली, रस्ता बदलला

विसाव्या वर्षी शिकलेले पंचेचाळिसाव्या वर्षी पुरेल काय? पंचवीस वर्षांपूर्वीची गाडी आणि आजची गाडी शेजारी उभी करून पाहावी.

१ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना भारत स्टेज-६ हे प्रदूषणाचे मानक लागू झाले. या ट्रकच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी असते आणि सोबत युरियाच्या द्रावणाची वेगळी टाकी असते. जाळी ठरावीक काळाने तापून स्वतःला साफ करते. त्याचा दिवा लागला आणि चालकाने वारंवार दुर्लक्ष केले तर गाडी आपली ताकद कमी करते आणि रस्त्यातच रडू लागते. युरियाच्या टाकीत पाणी किंवा भेसळीचे द्रावण घातले तर दुरुस्तीचा खर्च मालकाला घाम फोडतो. ज्याने जुन्या गाडीवर आयुष्य काढले त्याला हे कोणी सांगितलेच नसेल तर त्याला दोष कसा द्यावा?

न्यूट्रलची सवय घ्या. घाटात उतरताना गाडी न्यूट्रल करून डिझेल वाचवायचे, हे उस्तादाकडून आलेले जुने शिक्षण. जुन्या काळीही ते घातकच होते, कारण इंजिनची पकड सुटते, सारा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतात आणि लायनरची पकड जाते. मग पाय कितीही दाबला तरी गाडी थांबत नाही. आजच्या इंजिनात तर डिझेलही वाचत नाही. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की उतारावर डिझेलचा पुरवठा बंद होतो. न्यूट्रल केली तर इंजिन चालू ठेवण्यासाठी डिझेल जळतच राहते. म्हणजे जिवाचाही धोका आणि पैशाचाही तोटा. खंडाळ्याच्या वा कसाऱ्याच्या घाटात ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचे, हा नियम दर काही वर्षांनी पुन्हा सांगावा लागतो, कारण सवय नियमाला विसरायला लावते.

रस्तेही बदलले. ७०१ किलोमीटरचा नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ११ डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाला आणि ५ जून २०२५ रोजी पूर्ण खुला झाला. अशा सरळ रस्त्यावर वळण नाही, गाव नाही, चौक नाही. डोळे उघडे असतात आणि मन झोपते. ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते. ताशी ८० ने २२ मीटर. तीन सेकंदांची डुलकी म्हणजे ६६ मीटर गाडी चालकाविना धावली. शिवाय वेग दुप्पट झाला की गाडीत साठलेला जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो. खड्ड्यांच्या रस्त्यावर जो चालक पटाईत आहे तो या रस्त्यावरही पटाईत असेलच असे नाही.

युरोपने काय केले?

युरोपीय संघाने २००३ साली एक निर्देश काढला. त्यानुसार धंद्यासाठी बस चालवणाऱ्यांना सप्टेंबर २००८ पासून आणि ट्रक चालवणाऱ्यांना सप्टेंबर २००९ पासून, लायसन्सशिवाय आणखी एक व्यावसायिक पात्रता सक्तीची झाली. ती एकदा मिळवून भागत नाही. दर ५ वर्षांत ३५ तासांचे प्रशिक्षण घ्यावे लागते. ते घेतले नाही तर लायसन्स असूनही पगारी चालक म्हणून गाडी चालवता येत नाही. ब्रिटन संघातून बाहेर पडला तरी त्याने ही पद्धत टिकवली. कोकणातील ज्या मुस्लिम घरांची मुले ब्रिटनमध्ये या धंद्यात आहेत किंवा जाऊ इच्छितात त्यांनी हे ध्यानात ठेवावे. तेथे ट्रक चालवायचा तर तिकडचे लायसन्स आणि हे प्रमाणपत्र दोन्ही लागते.

या पद्धतीची जमेची बाजू अशी की हिशेब सोपा आहे. ५ वर्षांत ३५ तास म्हणजे वर्षाला ७ तास, अर्थात वर्षाला एक दिवस. शेवटी परीक्षा नसते, त्यामुळे वय झालेला, लिहिण्यात कच्चा चालकही घाबरत नाही. विषय रोजच्या कामाचे असतात : ब्रेक आणि गिअर यांचा योग्य वापर, डिझेल वाचवणे, माल बांधणे, कामाचे तास, आरोग्य, पायी व सायकलने जाणाऱ्यांची काळजी, अपघातात काय करावे.

उणी बाजूही सांगितली पाहिजे. परीक्षा नसल्याने काहीजण नुसते खुर्ची गरम करून येतात. ब्रिटनमध्ये तर एकच वर्ग पुन्हा पुन्हा करून तास भरल्याच्या तक्रारी झाल्या. फी आणि बुडालेली मजुरी कोणी सोसायची यावरूनही कुरकुर झाली. हातात कागद येतो आणि डोक्यात काही जात नाही, असा धोका तेथे आहे तर आपल्याकडे तो दसपट आहे, कारण न शिकता दाखला मिळवण्याच्या वाटा आपल्याला ठाऊक आहेत. म्हणून आमचे म्हणणे असे की युरोपकडून सक्ती उचलण्याची वाट पाहू नये. वर्षातून एक दिवस, ही गोष्ट उचलावी.

झोप, रोजा आणि नमाज

या एका दिवसात काय शिकवावे? आमच्या मते पहिला धडा झोपेचा असावा. माणसाच्या शरीराला रात्री २ ते पहाटे ५ आणि दुपारी २ ते ४ या वेळांत अधिक झोप येते. ती इच्छाशक्तीने, चहाने किंवा तंबाखूने जात नाही, फक्त थोडी लांबते. १९९७ साली ऑस्ट्रेलियात झालेल्या एका प्रयोगात असे दिसले की सलग १७ तास जागा राहिलेला माणूस, ज्याच्या १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम मद्य आहे अशा माणसासारखाच मंदावतो. आपल्या कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. आमचा चालक दारूला शिवत नाही याचा आम्हाला रास्त अभिमान आहे. परंतु सकाळी ६ ला उठून, दिवसभर माल भरून, रात्री ११ ला गाडी हाणणारा चालक न पिताही पिणाऱ्यासारखा होतो, हे त्याला आणि त्याच्या मालकाला कोणीतरी स्पष्ट सांगितले पाहिजे.

युरोपात साडेचार तास गाडी चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती सक्तीची आहे आणि दिवसाचे चालवणे साधारण ९ तासांवर जात नाही. आपल्या देशातही १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास ही मर्यादा घातली होती. ती किती पाळली गेली हे सर्वांना ठाऊक आहे. नमाजी चालकाला तर दिवसात थांबण्याच्या वेळा ठरलेल्या आहेत. वजू करणे, पाय मोकळे करणे, पाच-दहा मिनिटे स्टिअरिंगपासून दूर होणे, यातून शरीरालाही आराम मिळतो. ‘पुढच्या ढाब्यावर पाहू’ म्हणून ती वेळ टाळणारा विश्रांतीही टाळतो.

रमजानचा विषय नाजूक आहे, तरी तो टाळून चालणार नाही. सेहरीसाठी अर्धी झोप, दिवसभर पाणी नाही आणि इफ्तार घरी गाठण्याची घाई, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की दुपारनंतरचा काळ धोक्याचा होतो. प्रवाशाला शरियतने रोज्याबाबत सवलत दिलेली आहे. लांब पल्ल्याच्या चालकांनी आपल्या आलिमांकडून त्याविषयी नीट मार्गदर्शन घ्यावे आणि मालकांनी त्या महिन्यात फेऱ्यांचे वेळापत्रक सैल ठेवावे. इफ्तार गाडीत पाणी-खजुरावर करून पुढे सावकाश जाता येते. घाईने गाठलेल्या दस्तरखानापेक्षा सुखरूप गाठलेले घर मोठे आहे.

व्यापाऱ्याची जबाबदारी : धोकादायक माल

आता जे वाचक गाडीचे मालक नाहीत, त्यांच्यासाठी. रंगाई-धुलाईचे कारखाने, चामडे कमावण्याचा धंदा, पेंट-थिनरची दुकाने या सर्वांत ॲसिड, हायड्रोजन पेरॉक्साइड, कॉस्टिक, स्पिरिट असा माल येतो-जातो. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार धोकादायक माल वाहणाऱ्या चालकाने मान्यताप्राप्त संस्थेत ३ दिवसांचे प्रशिक्षण घेतलेले असावे लागते. सावध ड्रायव्हिंग, प्रगत ड्रायव्हिंग आणि मालाची सुरक्षितता असे त्याचे तीन भाग आहेत. त्याला एक भारतीय भाषा आणि इंग्रजी वाचता-लिहिता यावी लागते. त्याच्या लायसन्सवर तशी नोंद होते. पूर्वी या लायसन्सची मुदत १ वर्ष होती आणि नूतनीकरणासाठी १ दिवसाची उजळणी लागत असे. २०१९ नंतर मुदत ३ वर्षे झाली आणि नूतनीकरण केंद्र सरकार ठरवील त्या अटींवर होते.

नियमांनी जबाबदारी तिघांवर टाकली आहे. माल पाठवणाऱ्याने मालाची पूर्ण आणि खरी माहिती द्यायची. मालकाने चालकाला मालाचे स्वरूप, धोका, घ्यायची काळजी आणि आपत्तीत करायची कृती यांचे शिक्षण मिळाले आहे याची, माल पाठवणाऱ्याचे समाधान होईल अशी खात्री द्यायची. चालकाने ती माहिती लेखी स्वरूपात केबिनमध्ये जवळ ठेवायची. म्हणजे ज्या व्यापाऱ्याने भाडे वाचवण्यासाठी ॲसिडचे कॅन किराणा मालाच्या टेम्पोत ‘इतर माल’ म्हणून चढवले, तो अपघातानंतर हात झटकू शकत नाही. कायद्यापुढे नाही आणि अल्लाहपुढे तर नाहीच. चालकाला न सांगता त्याच्या पाठीशी ॲसिड ठेवणे हा हक्कुल इबादचा भंग आहे.

अपघात झालाच तर

हा धडाही त्या दिवसात हवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ नुसार अपघातानंतर चालकाने जखमीला वैद्यकीय मदत मिळवून द्यायची, २४ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात खबर द्यायची आणि विमा कंपनीला कळवायचे. मात्र जमाव खवळलेला असेल तर जागेवर थांबून मार खाण्याची सक्ती कायदा करत नाही. तशी सूट कलमातच आहे. अशा वेळी तेथून निघून सरळ पोलीस ठाणे गाठावे. भीतीने गाव गाठणारा चालक स्वतःची बाजू स्वतःच बुडवतो.

निष्काळजीपणाने मृत्यू घडल्यास पूर्वी २ वर्षांपर्यंत शिक्षा होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार ती ५ वर्षांपर्यंत होऊ शकते. खबर न देता पळून जाणाऱ्याला १० वर्षांपर्यंत शिक्षेचे जे उपकलम होते, त्याविरुद्ध जानेवारी २०२४ मध्ये देशभर चालकांनी संप केला आणि संहिता लागू होताना ते उपकलम थांबवून ठेवले गेले. संपात किती चालक उतरले हे आपण पाहिले. त्यांतील किती जणांना कलम १३४ माहीत होते, हाही विचार व्हावा.

मालकाने लायसन्स तपासले नाही आणि ते खोटे वा मुदतबाह्य निघाले तर काय होते? सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या निकालानंतर साधारण रीत अशी आहे की विमा कंपनी पीडिताला भरपाई देते, पण मालकाचा हलगर्जीपणा सिद्ध झाल्यास ती रक्कम त्याच्याकडून वसूल करू शकते. एका गाडीच्या मालकाची गाडी, घर आणि दागिने अशा एका दाव्यात जाऊ शकतात.

एका दिवसाचा खर्च आणि फायदा

मालक म्हणतील, हे सारे ठीक, पण गाडी एक दिवस उभी राहिली तर नुकसान कोण सोसणार? रास्त प्रश्न आहे. हिशेब मांडून पाहू. समजा एक ट्रक महिन्याला ८,००० किलोमीटर चालतो आणि लिटरला ४ किलोमीटर देतो. महिन्याचे डिझेल २,००० लिटर. चालक नीट शिकला, अकारण रेस दिली नाही, गिअर वेळेवर टाकले, टायरची हवा दर आठवड्याला पाहिली, उभ्या गाडीचे इंजिन बंद ठेवले आणि त्यामुळे फक्त ५ टक्के बचत झाली असे धरू. ते झाले १०० लिटर. लिटरला ९० रुपये धरले तर महिन्याला ९,००० आणि वर्षाला १,०८,००० रुपये. एका दिवसाचे बुडालेले भाडे, चालकाची मजुरी आणि शिकवणाऱ्याचे मानधन मिळून ८-१० हजार रुपये धरले तरी तो खर्च दुसऱ्या महिन्यात भरून निघतो. बचत निम्मीच झाली तरी वर्षाला ५४,००० रुपये उरतात. टायर, लायनर आणि क्लचप्लेटची बचत यात धरलेलीच नाही.

एक अट मात्र आम्ही आग्रहाने सांगू. त्या दिवसाची मजुरी आणि भत्ता चालकाला पूर्ण मिळाला पाहिजे. ज्याचे घर रोजच्या भत्त्यावर चालते त्याला ‘स्वतःच्या खर्चाने शीक’ म्हणणे म्हणजे शिकू नको असे सांगणे आहे. आणि बचतीतील काही हिस्सा त्याला बक्षीस म्हणून दिला तर शिकलेले तो विसरणार नाही.

शिक्षण कोठे मिळते?

पुण्याजवळ भोसरी येथे १९६७ पासून सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ रोड ट्रान्सपोर्ट ही संस्था आहे आणि तेथे चालकांच्या प्रशिक्षणाचे काम होते. डिझेल बचतीसाठी पेट्रोलियम कॉन्झर्व्हेशन रिसर्च असोसिएशन ही सरकारी संस्था वाहतूकदारांसाठी चालकांचे कार्यक्रम घेते. जुलै २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनुसार मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रे स्थापन होऊ लागली आहेत. तेथे जड वाहनाचा अभ्यासक्रम ६ आठवड्यांत ३८ तासांचा आहे. तो पूर्ण करणाऱ्याला लायसन्सच्या वेळी आर.टी.ओ.च्या वाहन चाचणीतून सूट मिळते आणि उजळणीचे वर्गही तेथे घेता येतात. जे अनुभवाने शिकले पण ज्यांच्याकडे कागद नाही, त्यांच्या कौशल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोयही केंद्राच्या कौशल्य योजनेत ऑटोमोटिव्ह स्किल्स डेव्हलपमेंट कौन्सिलमार्फत करण्यात आली होती. आपल्या भागात यांपैकी काय चालू आहे याची चौकशी आर.टी.ओ. कार्यालयात आणि गाडीच्या डीलरकडे करावी. नवी गाडी घेताना तर मालकाने स्वतः न जाता चालकाला सोबत न्यावे आणि डीलरच्या माणसाकडून त्यालाच सारे समजावून घ्यावे.

संस्थेची वाट पाहण्याचेही कारण नाही. आपल्या गावच्या ट्रान्सपोर्ट असोसिएशनने किंवा जमातीने वर्षातून दोन शुक्रवारी, नमाजनंतर असर-मगरिबपर्यंत, एखाद्या हॉलमध्ये आणि बाहेर एक ट्रक उभा करून वर्ग घ्यावा. दोन अर्धे दिवस मिळून एक दिवस होतो. एक अनुभवी मिस्त्री ब्रेक आणि हवेचा दाब दाखवील, एक डॉक्टर डोळे, साखर आणि रक्तदाब तपासील, एक वकील कलम १३४ आणि विमा समजावील, आणि गावातील सर्वांत जुना, ज्याच्या हातून आजवर अपघात झाला नाही असा उस्ताद आपला अनुभव सांगेल. भाषा मराठी, उर्दू, दखनी, जी समजेल ती. हजेरीचा कागद देऊ नये असे नाही, पण कागदासाठी येणारा आणि शिकण्यासाठी येणारा यांतला फरक आयोजकांनी ओळखावा. न आलेल्याच्या नावावर सही करणे ही खोटी साक्ष आहे.

उस्ताद मंडळींना आमची एक विनंती आहे. ‘तीस वर्षे गाडी चालवली, आता मला काय शिकवणार?’ असे म्हणू नये. विणकर नव्या मागावर नवा धडा घेतो, शिंपी नवी मशीन शिकतो, डॉक्टर नवी औषधे वाचतो. त्यात त्यांचा अपमान होत नाही. गाडीत बसलेला उतारू, भरलेला माल आणि समोरून सायकलवर येणारे पोर ही चालकाकडे सोपवलेली अमानत आहे. एका जिवाचे मोल काय, हे मुसलमानाला नव्याने सांगावे लागत नाही.

आज एवढे तरी करावे. चालकांनी खिशातून लायसन्स काढून ट्रान्सपोर्टची तारीख पाहावी. मालकांनी आपल्या प्रत्येक चालकाचे लायसन्स आणि डोळे या महिन्यात तपासून घ्यावेत. व्यापाऱ्यांनी पुढचा ॲसिडचा कॅन चढवण्यापूर्वी चालकाला तो काय आहे हे सांगावे. आणि या तिघांनी एकत्र बसून वर्षातला एक दिवस शिकण्यासाठी ठरवावा.